हाताची ओळख : जुन्या प्रवासी सायकलींच्या फ्रेमविषयी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते आम्हांला हस्तव्यवसाय शिकवीत असत. लोखंडी पट्टीचा एक तुकडा, एक कानस आणि एक गुण्या, एवढीच प्रत्येकाची सामग्री. कानस पुढे ढकलताना दाब द्यावा आणि मागे घेताना ती उचलून घ्यावी, हा त्यांचा पहिला धडा होता. तास संपला की चाळीस मुलांचे तुकडे एका घमेल्यात जमा होत. दुसऱ्या दिवशी गुरुजी त्यांतला एकेक तुकडा उजेडात धरीत आणि ज्याचा त्याच्या हाती देत. तुकड्यांवर नावे नसत, क्रमांकही नसत. एकदा मी धीर करून विचारले, "गुरुजी, ओळखता कसे?" ते म्हणाले, "अरे, तुझी कानस डावीकडे कलते. नाव कशाला हवे?"

हे उत्तर मला पुरते समजायला पुढची तीस वर्षे लागली. ते कसे समजले, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. समोरच्या टेबलावर सायकलची एक जुनी फ्रेम ठेवली आहे. तिला चाके नाहीत, हँडल नाही, सीट नाही. अशा फ्रेमकडे पाहून ती कोणत्या देशात, साधारण केव्हा आणि कोणत्या हेतूने घडविली गेली, हे सांगता येते. क्वचित ती कोणी घडविली हेही सांगता येते. सायकलींच्या नोंदी ठेवणारे कारखाने मोठे होते. हाताने फ्रेम घडविणाऱ्या लहान दुकानांच्या वह्या बहुतेक हरवल्या. तेव्हा त्या कारागिरांचा इतिहास मुख्यतः पोलादातच लिहिलेला आहे, आणि तो वाचायला शिकले पाहिजे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये कव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये 'रोव्हर' ही सारख्या चाकांची सुरक्षित सायकल आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या दोन गोष्टींनंतर काही वर्षांतच सायकलच्या फ्रेमला आपल्या परिचयाचा चौकोनी आकार आला. पण सायकलवरून दूरचा प्रवास करण्याची हौस याहूनही जुनी आहे. इंग्लंडमधील हॅरोगेट येथे १८७८ मध्येच सायकल-प्रवाशांचा क्लब स्थापन झाला होता. तेव्हा लोक उंच चाकाच्या सायकलींवर बसून गावोगाव जात. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन या औद्योगिक नगरात पॉल द व्हिव्ही या गृहस्थांनी १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते ओळखले जात. चढ-उताराच्या रस्त्यांसाठी सायकलला अनेक गिअर हवेत, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ही सोय दुबळ्यांची समजली जाई. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध राष्ट्रीय शर्यतीत गिअर बदलणारे डिरेलर वापरण्याची मोकळीक १९३७ साली मिळाली. प्रवासी सायकलस्वार ते त्याआधी कितीतरी वर्षे वापरीत होते. म्हणजे सुधारणा शर्यतीकडून प्रवासाकडे आल्या, ही समजूत या बाबतीत खरी नाही.

आपल्याकडेही ही हौस पोहोचली होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. अशा प्रवासात फ्रेम तुटली तर माणूस वाळवंटात अडकतो. प्रवासी सायकलच्या फ्रेमला चांगली घडण का लागते, हे यावरून ध्यानात यावे. शर्यतीच्या सायकलने एक दिवस टिकले तरी चालते. प्रवासी सायकलने ओझे घेऊन, पावसात, रात्री, खडीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकावे लागते आणि तरीही ती हलकी असावी लागते.

हा परस्परविरोधी हट्ट पुरा करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पॅरिसच्या परिसरातील कारागीर अग्रगण्य होते. १९३४ मध्ये तेथील एका गिरिभ्रमण मंडळाने सायकलींचीच परीक्षा सुरू केली. ही शर्यत नव्हती. सायकली वजन करून घेतल्या जात, डोंगरी रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर पळविल्या जात आणि अखेर तपासल्या जात. काय तुटले, काय सैल झाले, दिवा लागतो की नाही, यावर गुण कापले जात. बक्षीस स्वाराला नव्हे, यंत्राला असे. पुढे १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देण्याचा कायदा झाला आणि सामान्य माणसे सायकल घेऊन समुद्राकडे व डोंगराकडे निघाली. एकीकडे कसोटी आणि दुसरीकडे गिऱ्हाईक, असा योग जुळून आल्यावर हस्तकला फुलली नसती तरच नवल!

पॅरिसलगतच्या लव्हालुआ-पेरे या वस्तीत रने एर्स आणि अ‍ॅलेक्स सिंगर यांची दुकाने होती. एर्स (१९०८–१९७६) हे आधी विमानांच्या भागांवर काम करीत. हलका धातू कोठे चालतो आणि कोठे दगा देतो, याची जाण त्यांनी तेथून आणली. १९३८ च्या परीक्षेत त्यांनी बनविलेले हलके भाग नावाजले गेले आणि १९४० च्या सुमारास ते पूर्ण सायकली घडवू लागले. सिंगर मूळचे हंगेरीचे. त्यांचे दुकान १९३८ चे. १९४६ च्या परीक्षेसाठी त्यांनी दिवे, मडगार्ड, कॅरिअर यांसह जी सायकल उभी केली, तिचे वजन सात किलोंहून कमी होते. आपल्या रस्त्यांवरच्या काळ्या सायकलचे वजन वीस किलोंच्या आसपास असते, हे आठवले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

या फ्रेंच सायकलींचे मर्म एका वाक्यात सांगायचे तर असे की, तिथे फ्रेम ही निराळी वस्तू नव्हती. आपण दुकानात फ्रेम घेतो, मग तिच्यावर मडगार्ड वाकवून बसवितो, कॅरिअर पट्ट्यांनी आवळतो, डायनॅमोची तार नळीला गुंडाळतो. या मंडळींनी मडगार्ड, कॅरिअर, दिवा आणि पंप यांची जागा आधी ठरविली आणि मग नळ्या कापल्या. म्हणून अशी फ्रेम तपासताना पहिली नजर मडगार्डच्या वाटेकडे टाकावी. चिमट्याच्या माथ्याखाली, सीटमागच्या आडव्या पुलावर आणि चेनलगतच्या पुलावर मडगार्ड बसतो. तिन्ही ठिकाणांचे अंतर चाकाच्या केंद्रापासून सारखे आले, तर मडगार्ड टायरभोवती एकसारख्या फटीने फिरतो. हे अंतर सारखे असेल, तर फ्रेम जाणत्या हाताने आणि प्रवासासाठीच घडविली असे समजावे. दुसरी खूण दिव्याच्या तारेची. एर्स आणि सिंगर यांच्या उत्तम सायकलींत तार नळीच्या आतून जाते. पण हँडल तर फिरते. मग आतली तार पिळून तुटू नये म्हणून चिमट्याच्या दांड्याभोवती घासत राहणारा कार्बनचा लहानसा ब्रश बसविलेला असतो. मोटार बांधणाऱ्या माणसाला हा ब्रश नवा नाही. पण तो सायकलच्या गळ्यात बसविण्याची कल्पना कोणाला सुचली असती?

आता इंग्लंडकडे वळू. तेथील वातावरण निराळे होते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याचा मूळ धंदा खिळ्यांचा. आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये अशा नळीचे पेटंट घेतले, की जी बाहेरून सर्वत्र सारख्या व्यासाची, पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. सांध्यापाशी उष्णता आणि ताण दोन्ही अधिक, म्हणून तेथे धातू हवा. मध्ये तो निव्वळ ओझे. १९३५ मध्ये याच कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाची '५३१' ही नळी आणली. तिची भिंत टोकाला जेमतेम ०.८ आणि मध्ये ०.५ मिलिमीटर इतकी पातळ असू शकते. अशी नळी फार तापविली तर तिचा कस जातो. म्हणून ती थेट वितळवून जोडीत नाहीत. पितळाने किंवा चांदीच्या मिश्रधातूने झाळतात. पितळाला सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागते, चांदीला त्याहून बरेच कमी. बत्तीची ज्योत किती वेळ कोठे ठेवायची, हा निर्णय हाताचा आणि डोळ्याचा असतो. येथे उद्यमबागेत भट्टीपाशी उभे राहिलेले अनेक माजी विद्यार्थी सभागृहात आहेत. धातूचा रंग पाहून उष्णता ओळखणे म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायला नको.

दोन नळ्या ज्या पोलादी बोळक्यात शिरून झाळल्या जातात, त्याला कारागीर 'लग' म्हणतात. हा लग म्हणजे कारागिराची स्वाक्षरी होय. कारखान्यातून येणारा लग ओबडधोबड आणि जाड कडांचा असे. चांगला कारागीर तो कानसून कडेला पातळ करी, जेणेकरून ताण एकाएकी न तुटता नळीत हळूहळू उतरावा. म्हणजे ही नक्षी केवळ शोभेची नाही. लंडनच्या टॉटनहॅम भागातील हेचिन्स या दुकानाच्या फ्रेम नक्षीदार लगांसाठी प्रसिद्ध झाल्या. १९५० चा त्यांचा 'मॅग्नम ओपस' हा नमुना तर दागिन्यासारखा दिसतो. याच दुकानाने १९३० च्या दशकात मागच्या नळ्यांना नागमोडी वळण दिले. बेट्स बंधूंनी चिमट्याला दुहेरी बाक दिला. अशा विचित्र आकारांचे कारण काय असावे? हौशी स्वारांच्या छायाचित्रांतून निर्मात्याच्या नावाची जाहिरात करण्यावर त्या काळी तेथे निर्बंध होते. तेव्हा नाव न दाखवताही दुरून ओळखू यावी अशी आकृती दुकानदारांनी शोधली, असे बहुतेक जाणकार मानतात. नळ्यांच्या वळणाने धक्के कमी बसतात, हे दुकानदारांचे समर्थनही होतेच.

आता प्रत्यक्ष परीक्षेची रीत सांगतो. रंग आणि चिकटविलेली नावे यांकडे शेवटी पाहावे. ती सहज बदलता येतात. आरंभ आसापासून करावा. पायडलांचा आस ज्या आडव्या नळकांड्यात बसतो, त्याचे आटे मोजावेत. इंग्रजी फ्रेममध्ये व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे असतात आणि उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. फ्रेंच फ्रेममध्ये व्यास ३५ मिलिमीटर, आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर आणि दोन्ही बाजू सुलट्या आट्यांच्या. इटालियन असेल तर व्यास ३६ मिलिमीटर, इंचाला २४ आटे आणि पुन्हा दोन्ही बाजू सुलट्या. रंगारी रंग बदलील, व्यापारी नाव बदलील. आटे सहसा कोणी बदलीत नाही.

मग नळ्यांचे व्यास पाहावेत. इंग्रजी सीटनळी बाहेरून २८.६ मिलिमीटर, फ्रेंच २८ मिलिमीटर. इंग्रजी सीटनळीत २७.२ मिलिमीटरचा दांडा नीट बसला, तर नळी पातळ भिंतीची, बहुधा '५३१' जातीची समजावी. स्वस्त जाड नळीत त्याहून बारीक दांडा लागतो. नखाने नळीच्या मध्यावर टिचकी मारली तर पातळ नळी स्वच्छ वाजते. आपल्या आया-बहिणी मडके घेताना हीच परीक्षा करतात.

त्यानंतर मागच्या चाकाच्या खाचांमधील अंतर. ते १२० मिलिमीटरच्या आसपास असेल तर फ्रेम पाच गिअरच्या चक्राच्या काळातील; १२६ असेल तर १९७० च्या दशकाच्या अखेरीची किंवा नंतरची, अथवा मागाहून ताणलेली. खाचेच्या पोलादी पट्टीवर कधी बनविणाऱ्याचे नाव कोरलेले असते. पण ते खाच बनविणाऱ्या कारखान्याचे असते, फ्रेम घडविणाऱ्याचे नव्हे. नवखा माणूस येथे हमखास फसतो. शेवटी क्रमांक. तो बहुधा आसाच्या नळकांड्याखाली किंवा मागच्या खाचेवर ठोकलेला असतो, कधी चिमट्याच्या दांड्यावरही. दोन्ही ठिकाणचे क्रमांक जुळले, तर चिमटा मूळचाच आहे असे कळते.

इतके झाल्यावर नावाकडे यावे आणि तेही सावधपणे. क्लॉड बटलर यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेले दुकान फार नावाजले. पण १९५६ मध्ये ते बुडाले आणि पुढे ते नाव होल्ड्सवर्थ या दुसऱ्या कंपनीने घेतले. त्यानंतरच्या फ्रेमवर 'क्लॉड बटलर' हे नाव खरेच आहे, पण ती त्या दुकानाची नाही. हेचिन्सचे उदाहरण याहून बोलके आहे. दुकानाचे मालक हायमन हेचिन. मात्र ज्या फ्रेमवर त्यांची कीर्ती उभी राहिली, त्या घडविणारा हात जॅक डेनी या कारागिराचा होता. पॅरिसमध्येही तेच. सिंगर यांच्या दुकानात त्यांचे भाचे अर्नेस्ट आणि रोलां चुका यांनी दीर्घकाळ फ्रेम घडविल्या आणि पुढे दुकानही चालविले. एर्स यांच्या निधनानंतर त्यांची कन्या लिली, जिने स्वतः सायकलिंगची आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली होती, आणि तिचे पती जाँ देब्वा यांनी दुकान १९८६ पर्यंत चालविले. हे देब्वा तरुणपणी त्याच दुकानात फ्रेम घडविणारे कारागीर होते. लिली एर्स २०१८ मध्ये निवर्तल्या. नळीवरचे नाव एकाचे आणि सांध्यातला हात दुसऱ्याचा, हा प्रकार अपवादात्मक नसून नेहमीचा आहे. ही नावे निदान आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांची ठाऊक नाहीत, त्यांची संख्या किती असेल?

आणि आता या टेबलावरच्या फ्रेमकडे येतो. काही वर्षे नोकरीनिमित्त मी बर्मिंगहॅमच्या परिसरात होतो. तेथील एका जुन्या बाजारात ही मला मिळाली. मळका हिरवा रंग, ठिकठिकाणी पोपडे, नावाचा कागद अर्धा उडालेला. मला ती फार आवडली आणि आवडीच्या भरात मी तिला 'नवी' करायला निघालो. एका दुकानात नेऊन वाळूच्या माऱ्याने सगळा रंग काढविला, खाली खड्डे दिसले ते भरून घेतले आणि वर हा चकचकीत निळा लेप चढविला. घरी आणून भिंतीला लावली आणि पुष्कळ दिवस तिच्याकडे अभिमानाने पाहत बसलो.

पुढे या विषयाचे वाचन वाढले, जाणकारांची ओळख झाली. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनी फ्रेम हातात घेतली, आटे मोजले, लगांच्या कडांवरून अंगठा फिरविला. "इंग्रजी आहे. नळी '५३१' असावी. १९५० च्या आसपासची. लग हाताने कापला आहे आणि कापणारा साधा माणूस नव्हता," ते म्हणाले. मग उलटी करून क्रमांक पाहू लागले. क्रमांकाच्या जागी गुळगुळीत निळा लेप होता. खड्डे म्हणून जे मी भरविले, त्यांत ठोकलेले आकडेही होते. त्यांनी विचारले, "जुन्या रंगाचे फोटो आहेत का? रंगाखाली दुसरा रंग होता का? अर्ध्या नावातली अक्षरे कोणती होती?" यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते रागावले नाहीत. फ्रेम हलकेच टेबलावर ठेवून एवढेच म्हणाले, "मग आता हा कोण होता ते कळायचे नाही."

मित्रहो, नव्वद चुका माफ व्हाव्यात अशी ही एक चूक आहे, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. पण तसे नाही. एका माणसाने कोठल्याशा लहान दुकानात, बत्तीच्या उजेडात, दोन-तीन दिवस खपून ही वस्तू घडविली. तो गेला, दुकान गेले, वही गेली. त्याची खूण म्हणून पोलादावर पाच-सहा आकडे उरले होते आणि ते मी पैसे देऊन बुजविले. वस्तूवर प्रेम होते म्हणूनच हे घडले, ही त्यातली खरी बोच आहे. उपेक्षेने जेवढे नष्ट होते, तेवढेच अजाण कौतुकानेही होते. आपल्याकडे जुन्या देवळांवर तैलरंग फासला जातो, तोही भक्तीनेच.

म्हणून आज मी माजी विद्यार्थ्यांकडे काही मागणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, कारखान्याच्या कोपऱ्यात, आजोबांच्या खोलीत जुन्या वस्तू असतील. सायकल असेल, शिवणयंत्र असेल, तंबोरा असेल, एखादे लेथवरचे हत्यार असेल. ती स्वच्छ करण्याआधी तिचे फोटो घ्या. तिच्यावरचे आकडे, अक्षरे, ठोकलेल्या खुणा वहीत उतरवून ठेवा. ती कोणी घेतली, कोठून आणली, कोणी दुरुस्त केली, हे सांगणारी माणसे हयात असतील तर आजच विचारा. दुरुस्ती अवश्य करा. वस्तू वापरात राहावी हेच तिच्या कर्त्यालाही आवडले असते. पण जे काढाल त्याची नोंद ठेवा आणि जे समजत नाही ते बुजवू नका.

गुरुजींचे घमेले मला पुन्हा आठवते. त्या चाळीस तुकड्यांची किंमत रद्दीच्या लोखंडाहून अधिक नव्हती. तरीही प्रत्येक तुकडा उजेडात धरून, हा कोणाचा, असे विचारण्याचे कष्ट ते घेत. माझी कानस डावीकडे कलते, हे त्यांनी पाहिले होते. ही फ्रेम घडविणाऱ्याची कानस कोणीकडे कलत होती, हे लगाच्या कडेवर अजून दिसते. कार्यक्रम संपल्यावर आपण जवळ येऊन पाहावे, हाताने चाचपावे. त्याचे नाव मी आपल्याला सांगू शकत नाही. त्याचा हात मात्र येथे आहे.